‘चौघीजणी’च्या लेखिकेचं गुपित



गेल्या महिन्यात आपल्याच रेडिओवर एक गोष्ट वाचली गेली. शेतातल्या मोटारीच्या खोलीला बाहेरून कुलूप आणि आत मोटार चालू. किल्ली एकच, तीही म्हातारीच्या कनवटीला. मग मोटार चालू केली कुणी? गोष्ट जेमतेम आठ मिनिटांची. पण तव्यावरची भाकरी करपली तरी जागचं हललो नाही, असं चार-पाच जणींनी आम्हाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत एकच चर्चा होती : ही लिहिली कुणी?

लिहिली होती आमच्याच गटातल्या एका ताईंनी. कागदाच्या माथ्यावर त्यांनी लिहून दिलं होतं : माझं नाव सांगू नका. आम्ही सांगितलं नाही, आजही सांगणार नाही.

पण त्या चार शब्दांवरून आमच्या मासिक बैठकीत बराच वेळ बोलणं झालं. एक आक्का म्हणाल्या, “चोरी केलीय का नाव लपवायला?” एक वहिनी म्हणाल्या, “आक्का, घरात सासरे आहेत, दीर आहेत. सून खून-दरोड्याच्या गोष्टी लिहिते म्हटल्यावर काय म्हणतील?” दोघींचंही आम्हाला पटलं. असाच पेच दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका बाईपुढे होता. तिनेही रहस्याच्या, थराराच्या गोष्टी लिहिल्या, विकल्या, त्यावर घर चालवलं आणि नाव मात्र लपवलं. तिची हकिकत आज सांगायची आहे, कारण तिच्यात नावाची गोष्ट आहे तशी पैशाच्या हिशोबाचीही आहे.

या बाईला तुमच्यातल्या अनेकजणी ओळखतात. शांता शेळके यांनी मराठीत आणलेलं ‘चौघीजणी’ आपल्या वाचनालयात आहे. चार बहिणी, गरिबीतलं घर, युद्धावर गेलेले वडील आणि सगळ्यांना सांभाळणारी आई. त्यातली ज्यो, सतत लिहिणारी, जरा आडदांड. मूळ इंग्रजी पुस्तकाची लेखिका लुइझा मे अल्कॉट. ज्यो म्हणजे बरीचशी लुइझा स्वतःच.

लुइझाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ चा. वडील ब्रॉन्सन अल्कॉट विचारवंत होते, शिक्षक होते, मोठमोठ्या लोकांचे मित्र होते. पण घरात पैसा येत नव्हता. बोस्टन शहरात त्यांनी शाळा काढली, ती बंद पडली. पुढे त्यांच्या शाळेत एका काळ्या मुलीला प्रवेश दिला म्हणून पालकांनी मुलं काढून घेतली. माणूस तत्त्वाचा खरा, पण तत्त्वावर चूल पेटत नाही. १८४३ मध्ये त्यांनी काही सोबत्यांबरोबर शेतावर आदर्श वसाहत उभारली, तीही वर्षाच्या आत मोडली. घर चालवायची जबाबदारी आई अबिगेल आणि मुलींवर येऊन पडली. आई बोस्टनमध्ये गरिबांच्या वस्तीत पगारी काम करायची. लुइझाने शिवणकाम केलं, मुलं शिकवली, परक्या घरी कामाला राहिली.

त्या घरकामाचा हिशोब ऐका. १८५१ च्या सुमारास ती एका घरी सात आठवडे राबली. चूल, बर्फ काढणं, लाकूड फोडणं, बूट पुसणं. शेवटी हातात चार डॉलर पडले. घरच्यांना इतका राग आला की त्यांनी ते परत पाठवून दिले.

आता दुसरा आकडा. १८६२ मध्ये ‘फ्रँक लेस्लीज इलस्ट्रेटेड न्यूजपेपर’ या साप्ताहिकाने गोष्टींची स्पर्धा जाहीर केली होती. लुइझाने सूडाची एक गोष्ट पाठवली. नायिका पोलीन हिला फसवून एकजण दुसरीशी लग्न करतो आणि पोलीन त्याचा बदला घ्यायचा बेत रचते. गोष्ट घडते क्यूबा बेटावर, जिथे लुइझा कधी गेलेली नव्हती. त्या गोष्टीला १०० डॉलर बक्षीस मिळालं. आम्ही बैठकीत वहीवर मांडून पाहिलं. चार डॉलरला सात आठवडे, तर शंभर डॉलरला १७५ आठवडे. म्हणजे परक्याच्या घरी तीन वर्षांहून जास्त राबून जे मिळालं असतं, ते एका गोष्टीने दिलं. ती रहस्यकथांकडे का वळली, याचं उत्तर या एका गणितात आहे.

बक्षीस मिळालं त्या सुमारास ती अंथरुणाला खिळली होती. अमेरिकेत तेव्हा गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध चाललं होतं. लुइझा १८६२ च्या डिसेंबरात जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला वॉशिंग्टनजवळच्या इस्पितळात गेली आणि काही आठवड्यांतच विषमज्वराने आजारी पडली. औषध म्हणून तिला पाऱ्याचा क्षार दिला गेला. तब्येत पुन्हा कधी पहिल्यासारखी झाली नाही. जानेवारी १८६३ मध्ये ती घरी परतली, त्याच सुमारास तिची गोष्ट छापून आली. पण लेखिकेचं नाव त्यावर नव्हतं.

या गोष्टी विकत कोण घेत होतं? तो काळ नवा होता. वाफेवर चालणारी छपाईयंत्रं आली होती, कागद स्वस्त झाला होता, रेल्वे गावोगाव अंक पोचवत होती. लिहितावाचता येणाऱ्या गिरणीतल्या मुली, दुकानातले नोकर, छावणीतले सैनिक, सगळ्यांना थोड्या पैशांत करमणूक हवी होती. म्हणून गोष्टींची साप्ताहिकं निघाली. लांब गोष्ट तुकडे पाडून छापायची आणि ऐन अडचणीच्या जागी थांबवायची. दारावर थाप पडते, नायिका वळते, आणि खाली ‘पुढील अंकी’. पुढचा अंक घेतल्यावाचून माणसाला चैन पडत नसे. लेखकाला मात्र सहसा एकदाच, पानांच्या हिशोबाने रोख रक्कम मिळायची. मग अंक हजार खपो की लाख, लेखकाचा त्याच्याशी संबंध संपला.

बोस्टनमधल्या ‘द फ्लॅग ऑफ अवर युनियन’ या साप्ताहिकासाठी लुइझाने ‘ए. एम. बर्नार्ड’ हे नाव घेतलं. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी पुरुषच असेल. संपादक जेम्स एलियट यांना खरं नाव माहीत होतं. स्वतःचं नाव घालू दिलंस तर जास्त पैसे देऊ, अशीही त्यांची तयारी होती. तिने ते मान्य केलं नाही.

का नाही? ती राहायची कॉन्कॉर्ड गावात. तिथे इमर्सन आणि थोरोसारखे थोर लेखक तिच्या वडिलांचे शेजारी आणि स्नेही. आपल्याला असं भडक, थरारक लिहायला मनापासून आवडतं, पण ही माणसं काय म्हणतील, असं ती जवळच्यांकडे बोलल्याचं नोंदलेलं आहे. आमच्या वहिनी सासऱ्यांबद्दल म्हणाल्या, ते हेच.

आता तिची सगळ्यात गाजलेली रहस्यकथा पाहू, कारण लिहू पाहणाऱ्या बायांना तिच्यातून शिकण्यासारखं आहे. १८६६ ची ही गोष्ट. नाव ‘बिहाइंड अ मास्क’, म्हणजे मुखवट्याआड. इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री नावाचं श्रीमंत घराणं. धाकट्या मुलीला शिकवायला जीन म्यूर नावाची एक शिक्षिका येते. फिकट, अशक्त, एकोणीस वर्षांची गरीब पोर. घरातली माणसं तिच्याकडे धड बघतही नाहीत. पियानो वाजवता वाजवता तिला भोवळ येते. सगळ्यांना दया येते. रात्री ती आपल्या खोलीत जाते आणि दार लावते.

मग ती डोक्यावरच्या वेण्या काढून ठेवते. त्या खोट्या असतात. चेहऱ्यावरचा रंग पुसते. तोंडातले काही दात काढते, तेही खोटे. आणि आरशासमोर बसलेली असते तिशीची एक थकलेली, कडवट बाई, एके काळची नटी.

हे सगळं पहिल्याच प्रकरणात आहे. म्हणजे गुपित लेखिकेने शेवटापर्यंत दडवलं नाही, वाचकाला सुरुवातीलाच सांगून टाकलं. मग उत्सुकता कशाची? तर आपल्याला जे माहीत आहे ते त्या घराला माहीत नाही, याची. यापुढे जीन नुसती हसली तरी आपल्या छातीत धडधडतं. कुणी तिच्या खोलीकडे निघालं की वाटतं, आता सापडणार. एकामागून एक घरातले पुरुष तिच्या जाळ्यात येतात. अखेर तिची जुनी पत्रं समोर येतात, पण तोवर तिने घराण्यातल्या वृद्ध, सर्वांत मानी माणसाशी लग्न उरकलेलं असतं. ती जिंकते. त्या काळच्या सभ्य गोष्टीत अशा बाईला शिक्षा झाली असती. मुखवट्याआडून लिहिणाऱ्या लुइझाने तिला हवेलीची मालकीण केलं.

आमच्या ताईंच्या गोष्टीतही हेच होतं. भिंतीला मागून एक झरोका आहे आणि त्यातून काठी आत जाते, हे आपल्याला आधीच कळलं होतं. पाटलांना कळलं नव्हतं. म्हणून भाकऱ्या करपल्या.

लुइझा हे सारं कशी लिहायची? वडिलांनी तिच्या खोलीत दोन खिडक्यांमध्ये अर्धगोल लाकडी फळी बसवून दिली होती, तेच तिचं टेबल. उजवा हात दुखून आला तर लिहिता यावं म्हणून ती डाव्या हाताने लिहायला शिकली. आणि रोजनिशीत ती वर्षाची कमाई मांडायची : कोणती गोष्ट, किती डॉलर. आपल्या गटाच्या जमाखर्चाच्या वहीसारखंच. गोष्टींवर नाव नव्हतं, पण हिशोबात तिने काही सोडलं नाही. ही वही पुढे फार कामाला आली. कशी, ते सांगतोच.

१८६७ मध्ये बोस्टनचे प्रकाशक थॉमस नाइल्स यांनी तिला मुलींसाठी पुस्तक लिहायला सांगितलं. तिला त्यात रस नव्हता. तरी १८६८ मध्ये तिने लिहायला घेतलं, आपल्याच घराची गोष्ट. सुरुवातीची प्रकरणं तिला आणि प्रकाशकाला दोघांनाही नीरस वाटली. पण नाइल्स यांच्या भाचीने ती वाचली आणि तिला फार आवडली.

इथे करार झाला, आणि बायांनो, इथेच तिचं नशीब पालटलं. प्रकाशनसंस्थेने हस्तलिखितासाठी पैसे देऊ केले, पण त्याचबरोबर सल्लाही दिला की हक्क विकू नकोस, स्वतःकडे ठेव आणि प्रत्येक प्रतीमागे हिस्सा घे. लुइझाने ऐकलं. पुस्तक ३० सप्टेंबर १८६८ रोजी निघालं आणि पहिली आवृत्ती बघता बघता संपली. पुढचा भाग १८६९ मध्ये आला. त्या हिश्शातून तिने घराचं सगळं कर्ज फेडलं, बहिणीला चित्रकला शिकायला युरोपात पाठवलं, आईचं म्हातारपण सुखाचं केलं. रहस्यकथांनी तिला अडल्या वेळी रोख पैसा दिला. पण घर वर काढलं ते हक्क राखून ठेवलेल्या पुस्तकाने.

हे वाचताना आम्हाला आमचा काळा मसाला आठवला. तीन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याला आम्ही तो किलोच्या भावाने करून दिला, मापासकट कृतीही सांगितली. पैसे रोख मिळाले, आम्ही खूश. पुढे तोच मसाला त्याच्या नावाच्या पुडीत दुप्पट दराने दिसला, आणि आम्हाला काम सांगणं त्याने बंद केलं. त्याने आम्हाला फसवलं असंही म्हणता येत नाही. आम्ही विकताना विचारलंच नव्हतं की आपण मसाला विकतोय की त्याची कृती.

आता पुन्हा ज्योकडे येऊ. मूळ पुस्तकात ज्यो साप्ताहिकांना भडक गोष्टी विकते, नाव लपवते, पैसे घरी पाठवते. तिला एका गोष्टीवर १०० डॉलर बक्षीसही मिळतं. पुढे एका सज्जन प्राध्यापकाला असं लिखाण पसंत नाही हे कळल्यावर ती शरमून सगळ्या गोष्टी चुलीत घालते. म्हणजे गुपिताचा धागा लुइझाने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला होता. लाखो लोकांनी तो वाचला आणि कुणी विचारलं नाही की या बाईच्या स्वतःच्या गोष्टी कुठे आहेत. शिवाय ज्योने गोष्टी जाळल्या, लुइझाने नाही. ‘चौघीजणी’चं मूळ पुस्तक गाजल्यावरही १८६९ मध्ये तिची एक तशी गोष्ट आली, आणि १८७७ मध्ये एक गडद कादंबरी तिने पुन्हा बिननावाने छापली.

६ मार्च १८८८ रोजी, वडिलांच्या पाठोपाठ दोनच दिवसांनी, लुइझा गेली. वय ५५. जाण्याआधी एक काम तिने पक्कं केलं. आपल्या पुस्तकांचे हक्क घरच्यांकडेच राहावेत म्हणून तिने बहिणीच्या मुलाला कायदेशीर दत्तक घेतलं. रहस्यकथांबद्दल मात्र ती काही बोलली नाही. ए. एम. बर्नार्ड कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

ते शोधलं दोन मैत्रिणींनी. मॅडेलिन स्टर्न आणि लिओना रोस्टेनबर्ग. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टर्न लुइझाचं चरित्र लिहीत होत्या. लुइझाने टोपणनावाने काहीतरी लिहिलं असावं, अशी कुजबुज जाणकारांत होती. रोजनिशीत गोष्टींच्या आणि पैशांच्या नोंदी होत्या, पण त्या गोष्टी छापल्या कुठे, ते सापडत नव्हतं. हार्वर्ड विद्यापीठाच्या होटन ग्रंथालयात जुनी कागदपत्रं चाळताना रोस्टेनबर्गबाईंच्या हाती संपादक एलियट यांची पत्रं लागली. त्यांत ए. एम. बर्नार्ड हे नाव होतं आणि पत्रं लुइझाला लिहिलेली होती. कुलपाला किल्ली लागली. १८८८ ते १९४३. लुइझा जगली ५५ वर्षं आणि गुपितही तिच्यामागे ५५ वर्षं जगलं. १९४३ मध्ये रोस्टेनबर्गबाईंनी हा शोध छापला. १९७५ मध्ये स्टर्नबाईंनी त्या रहस्यकथांचं पुस्तक काढलं. तेव्हा कुठे जीन म्यूरच्या गोष्टीवर तिला घडवणारीचं खरं नाव आलं.

विचार करा, ती पत्रं कुणी जपून ठेवली नसती तर? रोजनिशीतले आकडे नसते तर? बाईने लिहिलेलं कायमचं दुसऱ्याच्या नावावर राहिलं असतं, नाहीतर कुणाच्याच नाही.

आपल्याकडेही हे घडलं आहे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, विभावरी शिरूरकर या नावाने. बायकांच्या मनातलं इतकं उघड लिहिणारी ही बाई कोण, म्हणून महाराष्ट्रात गदारोळ झाला. त्या होत्या मालतीबाई बेडेकर. नाव झाकल्यामुळे त्यांना जे लिहायचं होतं ते लिहिता आलं.

म्हणून आमच्या आक्कांना आमचं सांगणं असं : नाव लपवणं ही चोरी नाही. कधी ती ढाल असते. ती कधी धरायची आणि कधी खाली ठेवायची, हे लिहिणारीने ठरवायचं. सासऱ्यांनी नाही आणि आम्हीही नाही. पण नाव लपवलं म्हणून हक्क सुटू द्यायचा नाही.

आपल्या देशात १९५७ चा लेखनहक्काचा कायदा आहे. तुम्ही गोष्ट लिहिली की साधारणपणे तिचा हक्क तुमचाच, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. टोपणनावाने लिहिलं तरी हक्क असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. म्हणून गोष्ट कुणाला देताना दोन प्रश्न विचारायचे. एकदा छापायला देतोय की कायमची? आणि पुन्हा छापली, ऐकवली, तिचं नाटक केलं तर आपल्याला काय? उत्तर कागदावर घ्यायचं. मूळ हस्तलिखित, तारीख, आलेली पत्रं, मिळालेले पैसे, सगळं आपल्या पेटीत ठेवायचं, पासबुकाशेजारी.

परवाच्या बैठकीत ताईंनी दुसरी गोष्ट आणून दिली. यात्रेतल्या पाळण्यात बसलेली बाई खाली उतरतच नाही, अशी काहीतरी आहे. आम्ही अर्धीच वाचली, कारण बाकीची पानं त्यांनी मुद्दाम घरी ठेवली आहेत. माथ्यावर पुन्हा तेच चार शब्द आहेत. पण या वेळी त्यांनी गोष्टीची एक प्रत करून आपल्याकडे ठेवली आहे. त्या प्रतीवर तारीख आहे, आणि खाली पूर्ण नावाची ठळक सही आहे.

ती गोष्ट पुढच्या महिन्यात याच वेळी ऐका. भाकऱ्या आधी करून ठेवा. नमस्कार.